छातीतलं जातं

माझा धंदा माणसांना झोपवण्याचा आणि वेळेवर उठवण्याचा. परभणीत मला सगळे 'गुंगीच्या बाई' म्हणत. कुसुम सेलूकर हे नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. भूल देणाऱ्या डॉक्टरचं असंच असतं. पेशंट डोळे उघडून नीट बघायला लागेपर्यंत आपण मागच्या खोलीत चहा पीत असतो आणि हार-नारळ सर्जनच्या वाट्याला जातात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार होती डॉक्टर भुजंग खिल्लारे यांच्याबद्दल, आणि ती मी त्यांच्या तोंडावर करत असे.

हा गृहस्थ मुंबईला हृदयाची ऑपरेशनं शिकला आणि परत येऊन जिंतूर रोडला एका निवृत्त तहसीलदाराची दुमजली इमारत भाड्यानं घेऊन बसला. लोकांनी वेड्यात काढलं. हृदय थांबवून, रक्त यंत्रावर फिरवून करायची मोठी ऑपरेशनं इथं शक्यच नव्हती, आणि खिल्लारे तसा दावाही करत नसत. हृदयाचं ते एकच ऑपरेशन करत. लहानपणी सांधे सुजून ताप येतो. त्या तापात कित्येक पोरांच्या हृदयातली एक झडप आक्रसत जाते आणि ऐन तारुण्यात तिचं भोक सदऱ्याच्या काजाएवढं उरतं. रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसात तुंबतं, माणसाला दम लागतो, आडवं झोपता येत नाही. खिल्लारे डाव्या बरगड्यांतून आत जात, चालत्या हृदयात उजव्या हाताची तर्जनी घालत आणि ती झडप बोटानं मोकळी करत. एवढंच.

त्या बोटाचे लाड तुम्ही पाहायला हवे होते. एसटीची खिडकी ते स्वतः उघडत नसत. लग्नाच्या पंगतीत गरम भात चमच्यानं खात, आणि वाढपी त्यांना शहरी समजून हसत. मी एकदा विचारलं, "सोन्याचं आहे का हो ते?" तर म्हणाले, "सोन्याचं असतं तर मोडून आपल्या थेटरात चांगला दिवा नसता का लावला?"

माझं भांडण मात्र त्यांच्या एका खोडीशी होतं. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या सगळ्यात जवळच्या माणसाला ते खाटेवर बसवत, तपासायची नळी त्याच्या कानाला लावत आणि म्हणत, "ऐका. आत काय चाललंय ते तुमी ऐका." मग त्याचा हात धरून पेशंटच्या छातीवर ठेवत. झडप फार आवळली की तळहाताला आतून एक घरघर लागते. ती ज्याला लागली त्याला ते सांगत, "ही घरघर मला काढायचीय." ऑपरेशननंतर पुन्हा तोच हात, तीच जागा. घरघर नाही. हे झाल्याशिवाय त्यांचं ऑपरेशन पुरं होत नसे, आणि तोवर मी ताटकळत उभी.

"कागदावर सही घेतली ना? मग आता हे कशाला?" मी म्हणायची.

"सही बोटानं होते, बाई. मला त्यांचा होकार पायजे."

पंचफुला आली ती अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात. पूर्णेची, वय विशीच्या आतबाहेर, नवरा दत्तराव रेल्वेत गँगमन. पॅसेंजरमधून उतरवून टांग्यात घालून आणली होती. खाटेवर टेकली ती दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून, तोंडानं श्वास घेत. पाचवा महिना सरत आला होता. तिच्या मागे तिची आई, सरजाबाई: काटक, काळीसावळी, लेकीचं गाठोडं काखेत आणि नजर आम्हा सगळ्यांवर.

खिल्लाऱ्यांनी तपासलं, मी तपासलं, बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तिघांचं मत एकच. दिवस भरत जातात तसं बाईच्या अंगातलं रक्त वाढतं, आणि या काजातून ते पुढे जाणार नव्हतं. झडप आत्ता उघडली तर पोरगी आणि पोट दोन्ही वाचण्याची चांगली आशा होती. थांबलो तर कळा तिला सोसणार नव्हत्या.

दत्तरावनं हात जोडले. "मामी म्हणतेल तसं," तो म्हणाला. लग्नाआधीपासून पंचफुलाचा दम त्याला माहीत होता, तरी त्यानं तिला केली होती; सासूवर त्याचा भरवसा होता आणि सासूला तो थोडा घाबरतही होता.

खिल्लाऱ्यांनी नेहमीप्रमाणे सरजाबाईंना खाटेवर बसवलं आणि नळी पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"नळी नगं मला. मला हातानं कळतंय." त्यांनी लेकीच्या पदराखाली बरोबर त्या जागी तळहात टेकवला. आम्ही शिकलेली माणसं आधी बोटांनी बरगड्या मोजतो. त्यांचा हात सवयीनं गेला. "जातं चालू हाय. कशाला काढायचं ते?"

"कसलं जातं?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना हात काही काढला नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, नामांतराच्या दंगलीत, त्यांच्या गावातली त्यांची वस्ती पेटली. पंचफुला तेव्हा नऊ-दहा वर्षांची.

"पत्रे वाकडे झाले, भांडी काळी पडली, ज्वारी जळून गेली. राखंत माझं जातं तेवढं बसलेलं, जसंच्या तसं. दगडाला काय होतंय? पर न्यावं कसं? जातं उचलावं का पोरगी? पोरगी उचलली आन निघाले. पूर्णेला शाळंच्या व्हरांड्यात राह्यलो सगळे, एकाला एक चिकटून. वरून पाऊस. हिचा घसा धरला, मंग ताप, मंग गुडघे सुजले. मी म्हणलं, ही बी जाती आता. अन ज्या रोजी ताप उतरला त्या रोजी छातीवर हात ठिवला, तर आत घरघर घरघर. माय, म्हणलं, आपलं जातं हितं आलंय. जितं जातं फिरतंय तितं माणूस हाय, दाणा हाय. तवापसून रोज निजताना हात ठिवते. ते चालू हाय तवर मला फिकीर न्हाई."

पंचफुला खाली मान घालून श्वास घेत होती. तिला हे सगळं पाठ असावं.

मी डॉक्टर आहे, कुठं काय बोलावं ते मला नेहमीच कळतं. मी म्हणाले, "सरजाबाई, ते जातं नाही. तो रोग आहे. त्याच्यामुळेच तिला दम लागतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धं पाऊल मागे सरकले. "मंग तुमच्या रोगानं माझी लेक धा वर्स जिती ठिवली म्हणायची. लय चांगला रोग हाय." आणि गाठोडं काखेत मारून त्या व्हरांड्यात जाऊन बसल्या.

मी खिल्लाऱ्यांच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि भांडले. नवऱ्याची सही घ्या, म्हातारीला बाहेर बसवा, उद्या सकाळी टेबलावर घ्या. ते ऐकून घेत होते आणि आपलं ते बोट दुसऱ्या हातात धरून बसले होते.

"माझे वडील पूर्णेला रेल्वेत पॉइंट्समन होते," ते म्हणाले. "मी मेडिकलला असताना त्यांना तपासायला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, मागं वळून आमच्याशी इंग्रजीत पाच मिनिटं बोलले, अन निघून गेले. परत येताना गाडीत बाप विचारायला लागला, 'काय म्हणले रे, बाळा? माझ्यात काय हाय?' मला सगळं कळलं होतं आन एक शब्द सांगता येईना. म्हातारा स्वतःच्या छातीत काय होतं ते माहीत नसताना गेला." जरा थांबून म्हणाले, "या मावशीला तर माहिती आहे. फक्त तिनं त्याला दुसरं नाव दिलंय. मी जबरदस्तीनं ते जातं फोडलं, तर उद्या पोरगी वाचली तरी तिच्या लेखी मी घर पेटवणाराच."

मी दार जोरात आपटून बाहेर आले. तेवढं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला ते सरजाबाईंपुढे जाऊन उभे राहिले. "मावशी, एक काम करा मपलं. ह्या दवाखान्यात कुणाकुणाच्या छातीत जातं फिरतंय, तेवढं बघून सांगा. पहिला मीच." आणि सदऱ्याचं वरचं बटण सोडून उभे राहिले. सगळा वॉर्ड बघत होता. सिस्टर चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला.

सरजाबाईंनी आधी मान हलवली, मग उठल्या. हात ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला. "न्हाई."

"मग मी मेलोय का?"

"मरंल तुमचा दुश्मन," त्या पटकन म्हणाल्या, आणि वॉर्डात हशा पिकला.

मग जी फेरी निघाली ती मी विसरणं शक्य नाही. वॉर्डबॉय चंद्रभान, त्याच्यात नाही. आतड्याचं ऑपरेशन झालेले एक गुरुजी संकोचून पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसले होते, त्यांच्यात नाही. त्यांच्या पायथ्याशी बसलेली म्हातारी, नाही. चांगुणाबाई, नाही. पंचफुला उशांना टेकून बघत होती, आणि आली त्या दिवसापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. दरवेळी सरजाबाई डोळे मिटत, ऐकल्यासारखं करत, आणि कपाळाला एक आठी वाढे.

मी म्हणाले, "मला कामं आहेत." त्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांचा खरखरीत, कोमट तळहात माझ्या छातीवर आला. सांगायला हरकत नाही, मी एकटी राहणारी बाई. दुसऱ्यांच्या नाड्या मी बघते, माझी कुणी बघत नाही. "तुमच्यात बी न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "पर धडधड लय हाय. जेवल्या न्हाई का?" मी खरंच जेवले नव्हते. मला एकदम भरून आलं आणि मी उगीच चंद्रभानवर ओरडले.

खिडकीजवळची एक खाट त्यांनी वगळली. तिथं कस्तुराबाई होत्या, ताडकळसकडच्या माणिकरावांची बायको. बागायत मोठी, माणसं भेटायला जीपमधून येत. त्या उशाशी आपला तांब्या फडकं बांधून वेगळा ठेवत, आणि सरजाबाई जवळून गेल्या की लुगड्याचा घोळ आवरून घेत. सरजाबाई कधीकाळी त्यांच्याच कपाशीत खुरपायला जात होत्या, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघी ते माहीत नसल्यासारख्या वागत होत्या. कस्तुराबाईंचा रोगही तोच होता. खिल्लाऱ्यांनी तारीख देऊनही त्या चालढकल करत होत्या.

"एक राहिल्या," खिल्लारे म्हणाले.

"त्या मालकीणबाई हायेत," सरजाबाई म्हणाल्या. "त्यास्नी चालायचं न्हाई."

मला वाटलं, झालं, इथं फिसकटणार. पण कस्तुराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तीन उशा पाठीला, आणि सकाळपासूनचा तो सगळा प्रकार त्या घाबऱ्या डोळ्यांनी बघत होत्या. त्यांना माणुसकीचा पाझर फुटला असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती वाटत होती. आपल्यात ते आहे का नाही, हे त्यांना कळून घ्यायचं होतं. त्यांनी पदर बाजूला केला. "ये, सरजा," त्या म्हणाल्या. "ठिव हात. बघ मपलं."

सरजाबाईंनी हात आधी स्वतःच्या लुगड्याला पुसला. मग ठेवला. या वेळी डोळे मिटले नाहीत, मोठे झाले.

"हाय," त्या म्हणाल्या.

"पंचफुलीवाणीच?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"तसंच. जसंच्या तसं." मग त्यांनी कस्तुराबाईंच्या पाठीच्या उशांकडे बघितलं, वळून लेकीच्या उशांकडे बघितलं. "तुमी बी बसूनच झोपता, मालकीणबाई?"

"आडवं पडलं की जीव घुसमटतो, माय. लय बेजार झाले."

सरजाबाई उभ्या राहिल्या. गुरुजी आडवे झोपत होते, त्यांच्यात जातं नव्हतं. म्हातारी आडवी झोपत होती. चंद्रभान तर दुपारी जिथं जागा मिळेल तिथं आडवा होई. सगळ्या वॉर्डात बसून रात्र काढणाऱ्या बायका दोन, आणि जाती दोन. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्या हळूहळू चालत लेकीजवळ आल्या आणि तिच्या पायथ्याशी बसल्या.

"धा वर्स," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ते हिला दळायलंय व्हय?"

खिल्लारे त्यांच्याशेजारी खाली फरशीवर बसले. "तिनं ताप सोसला ते तिच्या बळावर, मावशी. ही घरघर ताप मागं ठेवून गेला."

त्यांनी लेकीच्या पावलांवरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "काढा. पर तुमीच काढा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगा."

कस्तुराबाई खिडकीजवळून म्हणाल्या, "तिचं आधी होऊ द्या, मंग मपलं." दुसऱ्याला पाण्यात उतरवून खोली बघण्यातला प्रकार! मी ते बोलून दाखवणार होते, पण खिल्लाऱ्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी पंचफुलाला झोपवायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, पोटातल्याला बी झोप लागती का ओ?" मी म्हटलं, "लागते, आणि तुझ्या आधी ते जागं होतं." मग तिच्या घशात नळी घालून मी माझी श्वास भरायची काळी पिशवी हातात घेतली. तिचा श्वास आता माझ्या मुठीत होता. तो मी कुणा यंत्राच्या भरवशावर कधी सोडला नाही.

बरगड्या उघडल्या, हृदय दिसलं. खिल्लाऱ्यांनी वरच्या कप्प्याच्या टोकाशी टाका घातला, छेद दिला आणि तर्जनी आत सरकवली. बोट झडपेत गेलं की रक्ताची वाट क्षणभर पुरती बंद होते. नेमकी त्याच वेळी लाईन गेली. दिवा विझला. येलदरीच्या धरणावरच्या वीजघरात तेव्हा काय बिघडलं असेल ते असो, मी धरणाला, वीज मंडळाला आणि तहसीलदाराच्या वायरिंगला एका दमात शिव्या घातल्या. चांगुणाबाई अंधारात बॅटरी चाचपत होत्या.

"बाई, ओरडू नका," अंधारातून खिल्लारे म्हणाले. "बोटाला कुठं दिवा लागतो? तुम्ही पिशवी दाबा."

मी पिशवी दाबत राहिले. पंचफुलाच्या मानेतली नाडी माझ्या बोटांखालून गेली. मी तिची वाट बघितली. तेवढ्या वेळात मी ज्यांना मानत नाही त्या सगळ्या देवांची नावं घेतली. मग ती परत आली, एक, आणखी एक, आणि मग अशी भरून, दणदणीत आली की मला हसू फुटलं. "झडप मोकळी झाली," खिल्लारे म्हणाले. "दोन्हीकडून सुटली." दिवे आले तेव्हा ते टाका आवळत होते.

पोटातलं बाळही ठीक होतं. मला वाटलं, संपलं.

ऑपरेशननंतर साचलेलं रक्त-पाणी काढायला छातीत ठेवलेली नळी निघाली त्या दिवशी खिल्लाऱ्यांनी सरजाबाईंना बोलावलं. त्यांनी पट्टीच्या कडेला तळहात ठेवला, सरकवला, दाबला. आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"सापडलं नाही ना?" खिल्लारे हसत म्हणाले. "तेच तर काढलं, मावशी."

"व्हय," सरजाबाई म्हणाल्या. "काढलं." त्यांचा चेहरा पाहून डॉक्टरांचं हसू मावळलं. मनानं पटलं होतं, हाताला पटलं नव्हतं. दहा वर्षं ज्या आवाजावर त्या निर्धास्त झोपल्या, तो गेला होता, आणि त्या जागी शांतता होती. जळलेल्या घरात असते तशी शांतता त्यांना लागली असावी.

त्यानंतर त्यांनी लेकीच्या छातीवर हात ठेवणं सोडलं. पुढे कस्तुराबाईंचं ऑपरेशन झालं, तेही छान झालं, आणि त्यांनी पूर्णेला निरोप धाडला, "सरजाला म्हणावं, एकदा येऊन हात ठिवून जा." सरजाबाई आल्या नाहीत.

पंचफुला दर महिन्याला तपासायला येई. गाल भरले होते, स्टेशनपासून पायी चालत येई, जिना चढून वर आली तरी बोलताना वाक्य तुटत नसे. मागून सरजाबाई.

"आता काय म्हणता? कशी आहे लेक?" मी विचारलं.

"चालायलीय. खायलीय. नवऱ्यासंगं भांडायलीय बी," त्या म्हणाल्या. "पर बाई, आत काहीच फिरंना. कशाच्या जोरावर चालायलीय, ते कळंना मला."

मी हसले. खिल्लारे हसले नाहीत. त्या गेल्यावर म्हणाले, "माझं ऑपरेशन अजून अर्धंच झालंय."

"टाके कधीच निघाले, डॉक्टर."

"पोरीचे निघाले."

चैत्रात पंचफुलाला कळा सुरू झाल्या. सकाळच्या पॅसेंजरनं दत्तराव तिला घेऊन आला. सरजाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि वर यायला तयार होईनात. ज्या घटकेची भीती आम्हीच त्यांना घातली होती, ती आली होती. डॉक्टरीणबाईंनी पंचफुलाला उशांवर उंच ठेवलं, मी नाडी धरून बसले, आणि खिल्लारे, ज्यांचं तिथं काडीचं काम नव्हतं, दाराबाहेर येरझारा घालत राहिले. पंचफुला ओरडली, रडली, आईला हाका मारल्या, दत्तरावला नावं ठेवली. पण दम म्हणून लागला नाही. मुलगी झाली. सावळी, भरपूर जावळाची, आणि आवाज असा की खाली रस्त्यावर ऐकू जावा.

दुपारी वॉर्ड शांत होता. चांगुणाबाई बाळाला पुसून गुंडाळत होत्या. मी दारात उभी राहून चहा पीत होते. सरजाबाई जिना चढून वर आल्या आणि खाटेपाशी थबकल्या.

पंचफुला उताणी झोपली होती. एकच पातळ उशी, हात बाजूला टाकलेले, तोंड मिटलेलं. थकून गाढ झोपलेल्या बाळंतिणीला श्वासाचा आवाज नव्हता. लहानपणापासून जी पोरगी धापा टाकत, बसून, कण्हत झोपायची, ती अशी सपाट, चिडीचूप पडलेली. सरजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वाकल्या आणि इतक्या महिन्यांनी तो तळहात लेकीच्या छातीवर, त्याच जागी ठेवला. घरघर नव्हती. त्यांनी जोर दिला. आणखी जोर दिला, सगळा भार हातावर टाकून त्या आत शोधू लागल्या. मी चहाचा कप ठेवून पुढे निघाले.

पंचफुलाच्या कपाळाला आठी पडली. डोळे न उघडताच ती वैतागून म्हणाली, "माय, काढ ना हात. जड लागायलाय."

सरजाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. "धा वर्स ठिवते, पंचे. कवा म्हणली न्हाईस ते, जड लागतोय म्हणून."

"तवा दमच लागायचा," पंचफुला झोपेतच म्हणाली. "त्यात तुझा हात कुठं कळायचा?"

आणि कूस बदलून पुन्हा झोपली. आईचा हात मात्र तिनं सोडला नाही, झोपेतच धरून गालाखाली घेतला. सरजाबाई तो हात तसाच ठेवून, अवघडलेल्या, खाटेच्या कडेवर बसल्या, आणि पोटभर रडल्या. मीही रडले, लपवत नाही. माझ्या मागे खिल्लारे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलं नव्हतं.

"झालं का तुमचं ऑपरेशन?" मी नाक पुसत विचारलं.

ते उत्तर देणार तोच सरजाबाईंनी दुसरा, मोकळा हात चांगुणाबाईंकडे केला. "आणा ते इकडं," त्या हळूच म्हणाल्या, लेकीची झोप मोडू नये म्हणून. बाळ मांडीवर आलं. त्यांनी त्याच्या इवल्याशा छातीवर तळहात टेकवला, अगदी हलका, भार न टाकता, आणि डोळे मिटून बसल्या.

"काय हाय, मावशी?" खिल्लाऱ्यांनी विचारलं.

"काय बी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.